वाटी भरलेली ठेवू नये

सोमवार, ८ जानेवारी २०२४. सायंकाळी ६.४०

मांजराचे वजन सहा किलो शंभर ग्रॅम भरले.

आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला म्हणून नोंदवतो. एरवी दवाखान्यातल्या काट्यावर विश्वास ठेवणे हे भोळसटांचे काम. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून मी चौतीस वर्षे काढली. सराफापासून भंगारवाल्यापर्यंत, काटा न मारणारा मनुष्य मला भेटलेला नाही. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. तरी नोंद पूर्ण असावी.

दवाखाना लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या इमारतीत. त्याच गिरणीच्या फाटकाजवळच्या वजनकाट्याला मी एकदा सील ठोकले होते आणि मॅनेजर माझ्यामागे गेटपर्यंत धावत आला होता. आता त्या जागी मांजरांचा 'वेलनेस' चालतो. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

डॉक्टर माया नावाची मुलगी. वय फार तर तीस. म्हणाली, "काका, वाटी दिवसभर भरलेली असते ना? मग ती येता-जाता चरणारच. ते बंद करा. मोजून द्या, दिवसातून तीन-चार वेळा. आणि एकदम उपाशी नका हं ठेवू. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर लिव्हरवर येतं." वजन असेच वाढले तर मधुमेह, मग रोजच्या सुया. त्यापुढचे मी विचारले नाही. निघताना म्हणाली, "तुम्ही पण उभे राहा ना काट्यावर, मोठा आहे." तो काटा कुत्र्यांचा होता. मी नकार दिला.

वाटीची पद्धत माझ्या पत्नीची, नलूची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पितळी वाटी, अष्टौप्रहर भरलेली. "भूक काय घड्याळ बघून लागते?" हे तिचे तत्त्वज्ञान. तिला जाऊन परवा पाच महिने होतील. वाटी मी तशीच भरत राहिलो, हा माझा हलगर्जीपणा. या घरात आता दोघेच उरलो आहोत. त्यांपैकी एकाने तरी जबाबदारीने वागले पाहिजे.

निर्णय: उद्यापासून चरणे बंद. सकाळी सात व सायंकाळी सात, प्रत्येक वेळी पंचवीस ग्रॅम कोरडे खाद्य. डॉक्टर 'तीन-चार' म्हणाली. 'तीन-चार' हे माप नव्हे. तीन म्हणावे किंवा चार म्हणावे. मी दोन म्हणतो.

मार्चअखेर साडेचार किलो.

मंगळवार, ९ जानेवारी

७.०० खाद्य दिले. ७.२० बशी उचलली. एकवीस ग्रॅम शिल्लक. मांजराने हूं की चूं केले नाही. शेपटी उभारून खिडकीतून बाहेर गेले. सायंकाळीही तेच. पहिल्याच दिवशी संपूर्ण यश. त्याला शिस्त हवीच होती, लावणारा हवा होता.

पितळी वाटी कपाटावर ठेवून दिली.

माझे स्वतःचे भोजन आयुष्यभर दोन वेळा, दुपारी बारा व रात्री आठ. आज भात लावला, तेवढ्यात वर्तमानपत्रात 'क्विंटल'चे 'किलो' केलेले दिसले, म्हणून संपादकांना पत्र लिहिण्यास बसलो. चार वाजता दोन बिस्किटे. हा अपवाद.

तळमजल्यावरच्या फ्लोरीने डबा पाठवला: सुरमईचे कालवण आणि भात. कॉनरॅड आणि फ्लोरी हे आमचे चाळीस वर्षांचे शेजारी. नलू गेल्यापासून या इमारतीतील बायकांना एक खोड लागली आहे. नलूच्या हाताला चव होती. साहजिकच तिच्या नवऱ्याची जीभ प्रमाण मानतात आणि आपापल्या पाककौशल्याची माझ्याकडून पडताळणी करून घेतात. मी कोणाला निराश करत नाही. एक घास घेतो, चिठ्ठीवर अभिप्राय लिहितो, चिठ्ठीसह डबा परत पाठवतो. आजचा अभिप्राय: 'मीठ किंचित जास्त.'

रविवार, १४ जानेवारी. सकाळी ८

मांजर टोपलीत, टोपली काट्यावर, टोपलीचे वजन वजा: ६.१५०.

पाच दिवस अर्धपोटी ठेवलेल्या प्राण्याचे वजन पन्नास ग्रॅमनी वाढणे विज्ञानाला मंजूर नाही. पितळी प्रमाण-वजनांची पेटी काढून काट्याची पडताळणी केली. काटा बरोबर. म्हणजे मांजर चूक.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. वरच्या मजल्यावरच्या कालिंदीताई तिळगूळ घेऊन आल्या. तीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे त्या कोणाशीही पाढे म्हणवून घेतल्यासारख्या बोलतात. "भावजी, गोड बोला. आणि ही गुळपोळी, गरम आहे तोवर खा. मी निघाले." हातात ठेवून लगेच निघून गेल्या. अभिप्रायासाठी थांबण्याचेही यांना धैर्य नाही. कोपरा चाखला. गूळ भरड.

कॉनरॅडकडून दाभण आणून कमरेच्या पट्ट्याला आतल्या बाजूस नवे भोक पाडावे लागले. चामडे सैल पडले आहे. नलूने हिंदमाताजवळून घेतला होता, दोन वर्षेही झाली नाहीत. हल्ली टिकाऊ असे काही बनतच नाही.

तसेच गेल्या वर्षीचे बँकेचे कॅलेंडर जतन करताना आढळले की जुलैचे पान गायब आहे. जूननंतर एकदम ऑगस्ट. हा निष्काळजीपणा कोणाचा, देव जाणे.

गुरुवार, १८ जानेवारी

मांजराला बाहेरून रसद मिळते, हे उघड आहे. जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लावली:

'पहिल्या मजल्यावरील मनू नामक मांजरीस आहारनियमन लागू केलेले आहे. तिला कोणीही, कोणत्याही वेळी, कोणत्याही प्रकारचे अन्न देऊ नये. वसंत कर्णिक.'

दुपारपर्यंत खाली पेन्सिलीने कोणीतरी लिहिले: 'मनू कोण?'

फ्लोरीला जाब विचारला. म्हणाली, "आमच्याकडे मेलानी येते, वसंतभाऊ. काळी, जाडी, गुड गर्ल. तुमची मनू आमाला नाय माहीत." मी म्हणालो, तेच मांजर. ती म्हणाली, "मग तिला जाऊन सांगा ना नोटीस वाच म्हणून." आतून कॉनरॅड हसला. हा मनुष्य बंदरावरच्या ऑफिसात मालाच्या याद्या तपासत असे. देशाची आयात-निर्यात कशी टिकली, याचे नवल वाटते.

शनिवार, २० जानेवारी

स्थळतपासणी. मांजराचा दिवसभर पाठलाग.

९.१०. तळमजला. फ्लोरीच्या उंबऱ्यावर कालवणातला सुरमईचा तुकडा, चांगला जाड, अंदाजे साठ ग्रॅम. मला बसवून घेतले आणि फुगे पुढे केले. यांच्याकडे सणाला आंबवलेल्या पिठाचे गोळे तळतात, ते. आज सण नव्हता. साक्ष घेताना नकार देणे असभ्य. अर्धा फुगा, अर्धा कप चहा.

११.३०. दुसरा मजला. कालिंदीताईंच्या दाराशी दहीभात. "मी कुठे घालते हो? तिथे असतो, ती खाते." मला थालीपीठ. एक चतकोर घेतला.

१.१५. मांजर जिन्याच्या वळणावर उन्हात झोपले. मी वरच्या पायरीवर बसून पाळत ठेवली. २.४० वाजता आम्ही दोघेही जागे झालो.

३.००. पुन्हा तळमजला. कॉनरॅडने आपल्या ताटातली माशाची कातडी त्याला दिली, मला केळे. माझ्या कमरेकडे पाहत म्हणाला, "वसंत, सस्पेंडर्स घे रे. पँट बघ, हाफ मास्टला आलीय." मी म्हणालो, चामड्याचा दोष.

निष्कर्ष: या इमारतीत एक जीव दिवसभर दारोदार चरत हिंडतो आणि त्याला कोणी हाकलत नाही, उलट त्याच्या वेळेला दारे उघडी ठेवतात. अत्यंत लाजिरवाणे.

सोमवार, २९ जानेवारी

काल ६.२००. लिहिण्याची इच्छा नव्हती.

मुलाने, गौतमने, बंगळुरूहून यंत्र पाठवले आहे. ठरल्या वेळी ठरलेले खाद्य आपोआप पडते आणि मालकाच्या आवाजात हाक ऐकू येते. यंत्राला पक्षपात नाही, शेजारी नाहीत, दयाबुद्धी नाही. मी हाक भरली: 'सायंकाळचे सात वाजले आहेत. उपस्थित राहावे.'

सायंकाळी सातला यंत्र बोलले. मांजर खिडकीच्या ग्रिलवर चढले ते साडेआठला उतरले.

बुधवार, ३१ जानेवारी

दुपारी वीज गेली व आली. यंत्राने लागोपाठ सात वेळा सायंकाळचे सात वाजवले आणि सात जेवणे जमिनीवर ओतली. कालिंदीताई वरून विचारत्या झाल्या, "भावजी, कोणाला बोलावताय?"

गौतमचा व्हिडिओ कॉल. यंत्राची तक्रार केली. त्याने विचारले, "बाबा, तुम्ही जेवलात का?" मी म्हणालो, विषयांतर करू नकोस.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

मार्ग सापडला.

कॉनरॅड बोलता बोलता म्हणाला की चौदा तारखेला 'अ‍ॅश वेन्सडे', तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस त्यांचा 'लेंट', म्हणजे व्रताचा काळ. त्या पहिल्या दिवशी तर एकच पूर्ण जेवण आणि दोन अल्पाहार, असा नियमच आहे. जगात कोणीतरी वेळापत्रकाचे महत्त्व जाणले आहे तर.

म्हणजे हा त्यांचा श्रावण. आमच्या कायस्थांच्या घरी एरवी मासळीशिवाय पान हलत नसे, पण श्रावणात माशाचे खवलेही दृष्टीस पडत नसत. आई मासळीचा विळा माळ्यावर टाकून देई. अशी मोठमोठी घरे मी सुतासारखी सरळ झालेली पाहिली आहेत. तळमजल्याचे काय घेऊन बसलात? चाळीस दिवस मासळी बंद. दहीभातावर कोणतेही मांजर सहा किलो राहत नाही. कॉनरॅडला अधिक काही विचारण्याची गरज भासली नाही. परंपरा परंपरेला ओळखते.

मोहिमेचा दिनांक: १४ फेब्रुवारी. तोवर त्यांना खाऊ घालू दे. मी खिडकी बंद करत नाही, सूचना काढून घेतली आहे, फ्लोरीला हसून नमस्कारही केला. ती घाबरून म्हणाली, "बरा वाटतं ना तुमाला?"

रविवार, ४ फेब्रुवारी

पट्ट्याला आणखी एक भोक, पुन्हा कॉनरॅडच्याच दाभणाने. दुकानदाराला कडक पत्र लिहावे लागणार.

रविवार, ११ फेब्रुवारी

६.२६०. चिंता नाही. तळमजल्यावर डुकराच्या मांसाचा घमघमाट. व्रतापूर्वी हौस भागवून घेणे चालले आहे. आपल्याकडील आषाढ अमावस्येचाच प्रकार. फ्लोरीने आज मला पुन्हा सुरमई पाठवली. एक घास. चिठ्ठी: 'चिंच कमी असती तर चालले असते.' डबा परत.

आणखी तीन दिवस. मांजराकडे पाहून मला जवळजवळ दया आली.

बुधवार, १४ फेब्रुवारी. दुपारी १२.१५

सकाळी अकरा वाजता स्वच्छ सदरा घालून, मांजराचे वेळापत्रक सुवाच्य अक्षरात लिहून तळमजल्यावर गेलो. कॉनरॅड कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्तमानपत्र वाचत होता. मी व्रताबद्दल त्याचे अभिनंदन केले.

स्वयंपाकघरात फ्लोरी ओट्याशी उभी. ओट्यावर सुरमई. परातीत मांदेली. टोपलीत बोंबील.

मी विचारले, आज व्रत ना?

"हाय ना! मटण बंद, चिकन बंद, सॉसेज बंद. चाळीस दिवस. मग काय खायचा, वसंतभाऊ, माती? मासळीच तर खायची."

कॉनरॅड बाहेरून म्हणाला, "फिश इज नॉट मीट, मॅन. चाळीस वर्षं शेजारी राहतोस, तुला माहीत नाही?"

चाळीस वर्षे शेजारी राहून मला माहीत नाही. त्यांनीही कधी सांगितले नाही. ज्या व्रतात मासळी वाढते त्याला व्रत म्हणणाऱ्यांशी मी कोणत्या पातळीवर वाद घालावा?

मांजर फ्लोरीच्या पायाशी बसले होते, बाप्तिस्मा झाल्यासारख्या चेहऱ्याने. वेळापत्रकाच्या कागदावर फ्लोरीने बोंबील ठेवला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी. सकाळी ७.३०

आता सबुरी संपली. खिडक्या बंद, दार बंद, मोरीची जाळी बंद. मांजर आत, मी आत. सात वाजता पंचवीस ग्रॅम. खाल्ले नाही. भूक लागली की खाईल. निसर्ग कोणाच्या बापाचा नोकर नाही.

१.०० दारात डबा ठेवल्याचा आवाज. उघडले नाही.

७.०० पंचवीस ग्रॅम. मांजराने वास घेतला, बशीपासून वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

चोवीस तास होत आले. काही खाल्ले नाही. पाण्याला तोंड लावले नाही. अजून भिंतीकडेच तोंड.

गेल्या मे महिन्यात नलूने पहिल्यांदा ताट बाजूला सारले. मी म्हणालो, आठ वाजले आहेत, आता जेवायचे. मागाहून मागशील तर मिळणार नाही. ती हसली. जूनमध्ये तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मी म्हणालो, मापाच्या घेतल्या नव्हत्यास. जुलैत इस्पितळात तिचे वजन केले. अकरा किलो कमी भरले. घरात प्रमाण काटा होता. प्रमाण-वजने होती. माणूस त्याच खोलीत होते. मला ते परक्याकडून कळले.

मांजराला उचलून दारापर्यंत नेले. दार उघडले.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी. सायंकाळी ५

दुपारपर्यंत मांजर परतले नाही, तेव्हा अंतिम समज देण्यासाठी तळमजल्यावर गेलो. फ्लोरी आंघोळीला, कॉनरॅड बाजारात, दार नेहमीप्रमाणे सताड उघडे. मांजर फ्रिजसमोर झोपलेले. पोट भरलेले, हे पाहताक्षणी कळले. मी खाली बसलो. जिना उतरून आल्यामुळे असेल.

बसल्यावर डोळ्यांसमोर फ्रिजचा दरवाजा आला. त्यावर माउंट मेरीच्या चित्राच्या चुंबकाखाली एक कागद. बँकेच्या कॅलेंडरचे पान, कोऱ्या बाजूने. जुलैचे.

अक्षर नलूचे.

मांजराच्या आहाराचे नियम. म्हणजे या कारस्थानाला लेखी आधार होता, आणि तो माझ्याच घरातून पुरवला गेला होता. पुरावा म्हणून खिशातल्या कागदावर जसेच्या तसे उतरवून घेतले:

'दोन वेळा पोटभर खाणं होत नाही. दिवसभर थोडं थोडं समोर येईल असं बघावं.' (अशास्त्रीय. हेच ते चरणे.)

'समोर ठेवून निघून जावं. कोणी बघतंय हे कळलं की घास उतरत नाही.' (लाड.)

'विचारू नये. विचारलं की नाहीच.'

'सुरमईचा शेपटीकडचा तुकडा आवडतो. काटे काढून द्यावेत, स्वतः काढायचा कंटाळा.' (मांजराला! काटे काढून!)

'गुरगुर फार. मनावर घेऊ नये, ती भुकेची असते.'

'एकटं फार वेळ राहू देऊ नये. सांगणार नाही, पण करमत नाही.'

'सकाळी बीपीची गोळी. चष्मा मिळत नसेल तर देवघरात.'

इथे मी थांबलो. मांजराला रक्तदाब नाही. चष्माही नाही.

चुंबक बाजूला केले. त्याखाली मथळा होता: 'ह्यांच्या खाण्याबद्दल.'

पानाच्या तळाशी कॉनरॅडच्या हातचे इंग्रजी: पट्टा, पंधरा जानेवारी, एक भोक. चार फेब्रुवारी, दोन भोके. पुढे प्रश्नचिन्ह. अप्रमाणित माप. पण नोंद अचूक.

फ्लोरी केस पुसत बाहेर आली. माझ्या हातातल्या पानाकडे पाहिले. म्हणाली, "नलूने हॉस्पिटलमध्ये दिला. बोलली, त्यांना सांगू नको, नायतर जेवणारच नाय. मला तुमची मराठी वाचायला येत नाय, कालिंदीने वाचून दाखवला."

मी म्हणालो, डबे मला वाटले, अभिप्रायासाठी होते.

तेवढ्यात कॉनरॅड पिशवी घेऊन आला. "अभिप्राय! तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या ठेवल्यात मी. 'मीठ किंचित जास्त.' रोज डिनरला वाचतो. फ्रेम करणार होतो."

फ्लोरीने त्याला गप्प केले. मग माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "एक घास खाता नि डबा परत पाठवता. मी काय करू? अन्न हाय, फेकू? काटे काढलेला सुरमई कोणाला घालू, कॉनरॅडला? तो बोलतो मी काय बेबी हाय? मग मेलानी खाते. रोज तुमचा जेवण मेलानी खाते. आणि तुमी वर बसून तिचं वजन करता!"

ओट्यावर कालचा डबा होता, न उघडलेला.

"तुमी डबा रिकामा पाठवा," ती म्हणाली. "मग बघा मेलानीला काय मिळते. पाणी."

घरी येऊन काट्यावर उभा राहिलो. गेल्या वर्षीपेक्षा अकरा किलो कमी. हा आकडा मी पूर्वी एकदा ऐकला आहे.

रविवार, १८ फेब्रुवारी

वजन घेतले नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी. दुपारी २

मांजर: ६.१९०. सत्तर ग्रॅम घट. योग्य दिशेने पहिलेच पाऊल. माझी मूळ भूमिका, की या प्राण्याला बाहेरचे जास्तीचे अन्न मिळत होते, पूर्णपणे सिद्ध झाली. डॉक्टर मायाला कळवले. ती म्हणाली, "छान, काका! किती वेळा देता?" मी म्हणालो, पन्नास ग्रॅम, सकाळी मोजून, एकदाच वाटीत. दिवसभर ते आपले येता-जाता खाते. ती म्हणाली, मोजलेले असेल तर तसे चालते. चालते म्हणे. मला विचारून ठरवत असल्यासारखी.

पितळी वाटी कपाटावरून काढून चिंचेने घासली. उंबऱ्याशी ठेवली आहे. अष्टौप्रहर भरलेली ठेवणार नाही. पण रिकामी आहे की नाही हे पाहत उभाही राहणार नाही.

पट्ट्याच्या दुकानदाराला लिहिलेले पत्र पाठवले नाही.

आज एक वाजून पाच मिनिटांनी दाराबाहेर डबा ठेवल्याचा आवाज झाला. बेल वाजली नाही. ती कधीच वाजत नसे. हे इतक्या महिन्यांत माझ्या लक्षात आले नव्हते. मी दाराआड उभा राहिलो. फ्लोरीच्या चपला जिना उतरून गेल्या, तिचे दार लागले नाही, अर्थात ते कधीच लागत नाही, तेव्हा कडी काढली.

सुरमई, शेपटीकडचा तुकडा. काटे काढलेला.

उंबऱ्याशी मांजर वाटीत तोंड घालून होते. त्याला संकोच नको म्हणून मी पाट भिंतीकडे वळवून घेतला आणि जेवलो.

डबा धुऊन दाराबाहेर ठेवला. रिकामा. मीठ किंचित जास्त होते. चिठ्ठी लिहिली नाही.